अरण्यांत वाचलेले ग्रंथ

देशाटन आणि शास्त्रग्रंथांचें अवलोकन हीं दोन्ही चातुर्याचीं साधनें म्हणून आपल्याकडील एका सुपरिचित आर्येंत शेजारीं शेजारीं सांगितलेलीं आहेत. आणि ती आर्या पाठ करून मोठ्या झालेल्या मराठी वाचकास ह्या दोहोंत कांहीं विरोध असेल अशी शंकाहि येत नाहीं. परंतु हीं दोन साधनें एकाच वेळीं हाताळलीं तर काय होतें, म्हणजे ज्या प्रदेशाचें वर्णन पुस्तकांत आहे त्याच प्रदेशांत तें पुस्तक हातीं घेऊन मनुष्य उभा राहिला तर त्याचे डोळे अधिक उघडतात कीं झांकले जातात, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. एक पक्ष म्हणेल, ग्रंथ हा दिवा आहे. तो हातीं असला म्हणजे अंधारांतल्या वस्तु दिसूं लागतात. दुसरा पक्ष म्हणेल, ग्रंथ हा रंगीत चष्मा आहे; त्यांतून पाहणारास सारी सृष्टि ग्रंथकाराच्याच रंगाची दिसते. आम्हां अध्यापकांचा सारा व्यवसायच पुस्तकांवर चालत असल्यामुळें पहिल्या पक्षाकडे आमचा ओढा असावा हें स्वाभाविक आहे. म्हणूनच ह्या वादाचा निर्णय केवळ तर्कानें न करतां इतिहासाच्या साक्षीनें करावा, हें बरें.

सुदैवानें अशी साक्ष उपलब्ध आहे. ज्या निबिड अरण्यांना आपण आज वर्षारण्यें म्हणतों, त्यांस हें नांव शिंपर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८९८ सालच्या आपल्या जर्मन ग्रंथांत दिलें. त्यापूर्वींच्या शंभर वर्षांत दक्षिण अमेरिकेंतील ह्या अरण्यांत आलेक्झांडर फॉन हंबोल्ट, चार्ल्स डार्विन, आल्फ्रेड रसेल वॉलेस आणि हेन्री वॉल्टर बेट्स हे चौघे जाऊन आले. तेथें पहिलें पाऊल ठेवतांना चौघांपैकीं एकानेंहि वयाचीं तीस वर्षें पुरीं केलेलीं नव्हतीं. विशेष हें कीं, ह्या चौघांना जोडणारा धागा नात्याचा किंवा राजाज्ञेचा नसून ग्रंथाचा आहे. पहिल्यानें लिहिलेलें दुसऱ्यानें वाचलें, दोघांनीं लिहिलेलें तिसऱ्यानें व चौथ्यानें वाचलें. आणि प्रत्येकानें तें वाचून अरण्याची वाट धरली. वाचन आणि दर्शन ह्यांचा संबंध तपासावयास ह्याहून चांगली परंपरा क्वचितच सांपडेल.

हंबोल्ट हा १७६९ सालीं बर्लिन येथील एका सधन कुळांत जन्मला. १७९६ सालीं आई वारल्यावर हातीं आलेला वारसा त्यानें प्रवासांत घातला, आणि एमे बाँप्लाँ ह्या फ्रेंच वनस्पतिज्ञास बरोबर घेऊन ५ जून १७९९ रोजीं तो स्पेनच्या ला कोरुन्या बंदरांतून निघाला. १६ जुलै रोजीं ते आजच्या व्हेनेझुएलांतील कुमाना येथें उतरले. पुढच्या वर्षीं त्यांनीं ओरिनोको नदीचा प्रवास केला, आणि ओरिनोको व अमेझॉन ह्या दोन महानद्यांचीं खोरीं कासिकिआरे नांवाच्या नैसर्गिक प्रवाहानें जोडलेलीं आहेत ह्या गोष्टीची होडींतून स्वतः जाऊन खात्री करून घेतली. होडी अरुंद, तींत वाद्यांच्या पेट्यांसारख्या मापनयंत्रांच्या पेट्या, वाळविलेल्या वनस्पतींचे गठ्ठे, माकडांचे व पक्ष्यांचे पिंजरे आणि माणसें ह्यांची दाटी, आणि डांसांचा उपद्रव तर अखंड. अशा स्थितींत ह्या दोघांच्या जवळ वाचावयास काय होतें? तें शास्त्रीय ग्रंथांपैकीं नव्हतें. बर्नार्दँ द सँ-प्येर ह्या फ्रेंच लेखकाची 'पॉल आणि व्हर्जिनी' ही १७८८ सालची कादंबरी त्यांची वर्षानुवर्षें सोबती होती. पावसाळ्यांत ओरिनोकोच्या कांठीं विजेच्या लखलखाटानें अरण्य उजळत असतां आपण तिच्यांतील वर्णनें वाचीत होतों आणि तीं सत्य भासत होतीं, असें हंबोल्टनें १८४७ सालीं निघालेल्या 'कोसमॉस'च्या दुसऱ्या खंडांत कृतज्ञतेनें नमूद करून ठेविलें आहे.

आतां ही कादंबरी घडते मॉरिशस बेटांत. हिंदी महासागरांतील बेटाचें वर्णन दक्षिण अमेरिकेच्या पोटांत खरें वाटावें ह्याचा अर्थ काय? आमच्या मतें त्याचा अर्थ असा कीं, निसर्गाविषयींचा चांगला ग्रंथ हा वस्तूंची यादी देत नाहीं, तर वस्तूंमधील संबंध दाखवितो. झाडाचें नांव बदललें, पक्षी निराळा झाला, तरी उष्ण कटिबंधांतील प्रकाश, दमट हवा, वनस्पतींची गर्दी आणि ह्या सर्वांचा मनुष्याच्या चित्तावर होणारा परिणाम हे संबंध कायम राहतात. हंबोल्टच्या साऱ्या पुढील लेखनाचें बीज ह्याच जाणिवेंत आहे.

येथें मराठी वाचकास जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगावयास हवी. हंबोल्टला प्रवासाची ओढ लावणारा मनुष्य म्हणजे जॉर्ज फॉर्स्टर. हा कॅप्टन कुकच्या १७७२ ते १७७५ च्या दुसऱ्या जगत्प्रदक्षिणेंत होता, आणि १७९० सालीं त्यानें तरुण हंबोल्टला बरोबर घेऊन ऱ्हाईन नदीच्या कांठानें इंग्लंडपर्यंत प्रवास केला. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १७९१ सालीं, ह्याच फॉर्स्टरनें सर विल्यम जोन्सच्या इंग्रजी भाषांतरावरून कालिदासाच्या 'शाकुंतला'चें जर्मन भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि जर्मन साहित्यांत कालिदासाचें नांव दुमदुमूं लागलें. निसर्गवर्णनाचा इतिहास सांगतांना हंबोल्टनें 'कोसमॉस'मध्यें कालिदासाचा गौरव केला आहे तो ह्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. ज्या नाटकांत आश्रमांतील लता ह्या नायिकेच्या बहिणी होतात आणि तिच्या पाठवणीच्या वेळीं तपोवन शोक करतें, त्या नाटकाचा वाचक अरण्यांत गेला म्हणजे त्याला झाडांकडे केवळ लांकूड म्हणून पाहतां येत नाहीं. स्वतः हंबोल्टला हिंदुस्थानांत येण्याची तीव्र इच्छा होती. परंतु ईस्ट इंडिया कंपनीनें त्यास परवानगी दिली नाहीं, आणि हिमालय त्याला अखेरपर्यंत पुस्तकांतच पाहावा लागला.

हंबोल्टच्या ग्रंथाचा वाचकांवर एवढा पगडा कां बसला हें समजण्यास एकच उदाहरण पुरे आहे. आपुरे नदीच्या कांठीं चांदण्या रात्रीं मुक्काम असतां अरण्यांतून नाना प्राण्यांचा एकच गलका उठला. असा गोंगाट कां होतो म्हणून विचारतां तेथील इंडियन लोकांनीं हंसून सांगितलें कीं प्राणी पौर्णिमेचा उत्सव करीत आहेत. हंबोल्टला हें उत्तर आवडलें, परंतु त्यानें तेवढ्यावर समाधान मानलें नाहीं. जग्वार हा वाघासारखा श्वापद रानडुकरांच्या व टापिरांच्या मागें लागतो. तीं झुडपें मोडीत धांवतात. त्या आवाजानें झाडांवरचीं माकडें भिऊन ओरडतात. त्यांच्या ओरडण्यानें पक्षी जागे होतात. आणि येणेंप्रमाणें एका ठिकाणची झटापट सर्व अरण्यभर पसरते, अशी त्यानें उपपत्ति बसविली. एका आवाजापासून दुसऱ्या आवाजाकडे, एका जीवापासून दुसऱ्या जीवाकडे जाण्याची ही जी रीत, तिचाच लाभ त्याच्या वाचकांस झाला. ऐकावें कसें, हें त्यानें शिकविलें.

हंबोल्टचें प्रवासवृत्त १८१४ पासून फ्रेंच भाषेंत निघूं लागलें, आणि हेलन मारिया विल्यम्स ह्या विदुषीनें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. हें भाषांतर केंब्रिज येथें शिकत असलेल्या डार्विनच्या हातीं पडलें. त्यास ह्या ग्रंथानें अक्षरशः वेड लावलें. तेनेरीफ बेटाचीं वर्णनें उतरून काढून तो मित्रांना व आपले गुरु हेन्स्लो ह्यांना मोठ्यानें वाचून दाखवी. तेथें जाण्याचे बेत करी. त्यासाठीं स्पॅनिश शिकूं लागला. पुढें 'बीगल' जहाजावर जाण्याची संधि आली तेव्हां सप्टेंबर १८३१ मध्यें हेन्स्लोंनीं आपल्या शिष्यास जी निरोपाची भेट दिली, ती ह्याच ग्रंथाची प्रत होती. गुरूनें शिष्याला द्यावयाच्या भेटींत ह्याहून दूरवर फळलेली दुसरी भेट आमच्या माहितींत नाहीं.

२७ डिसेंबर १८३१ रोजीं 'बीगल' निघालें, आणि समुद्र लागून बेजार झालेला डार्विन पडल्या पडल्या हंबोल्ट वाचूं लागला. दैवाची थट्टा अशी कीं, जानेवारीच्या ६ तारखेस तेनेरीफ दृष्टीस पडलें, परंतु कॉलऱ्याच्या भीतीमुळें तेथील अधिकाऱ्यांनीं बारा दिवसांचें विलगीकरण फर्माविलें, आणि जहाज तसेंच पुढें गेलें. ज्या बेटाचीं वर्णनें त्यानें तोंडपाठ केलीं होतीं त्यावर त्याला पाऊलहि ठेवतां आलें नाहीं. ह्या निराशेची भरपाई २८ फेब्रुवारी १८३२ रोजीं झाली. त्या दिवशीं जहाज ब्राझीलमधील बाहिया बंदरांत आलें, आणि दुसऱ्या दिवशीं डार्विन एकटाच वर्षारण्यांत भटकून आला. त्या दिवसांच्या त्याच्या रोजनिशींत अरण्याची स्तुति किती आणि हंबोल्टची किती हें वेगळें काढणें कठीण आहे. आपण आतां हंबोल्ट वाचण्याच्याच योग्यतेचे उरलों आहों, आणि तो दुसऱ्या सूर्यासारखा दिसेल ती प्रत्येक वस्तु उजळून टाकतो, असा त्या नोंदीचा आशय आहे.

'चष्मा'वादी येथें म्हणतील, पाहा! ह्याला अरण्य दिसलेंच नाहीं, हंबोल्टच दिसला. ह्या आक्षेपांत तथ्य मुळींच नाहीं असें नाहीं. डार्विननें घरीं पाठविलेली रोजनिशी वाचून त्याची बहीण कॅरोलाइन हिनें १८३३ सालीं त्यास स्पष्ट लिहिलें कीं, हंबोल्ट फार वाचल्यामुळें तुझ्या लिहिण्यांत त्याची फुलोऱ्याची फ्रेंच धाटणी शिरली आहे. तुझी स्वतःची साधी रीत त्याहून चांगली. बहिणीचें हें म्हणणें डार्विननें मान्य केलें. शैलीच्या बाबतींत चष्म्याचा रंग लागला होता, हें उघड आहे.

परंतु शैली ही एक गोष्ट आणि दृष्टि ही दुसरी. बाहियाच्या अरण्यांतील डार्विनचीं निरीक्षणें पाहिलीं म्हणजे हा भेद कळतो. त्यानें लिहिलें आहे कीं किड्यांचा आवाज इतका मोठा होता कीं किनाऱ्यापासून कित्येकशें यार्ड दूर नांगरलेल्या जहाजावरहि तो ऐकूं येई. आणि तरीहि अरण्याच्या आंत सर्वत्र शांतता भरून राहिल्यासारखी वाटे. आवाज आणि शांतता ह्यांचें हें विलक्षण साहचर्य ज्याला जाणवलें, त्याचे कान हंबोल्टच्या शाळेंत तयार झाले होते ह्यांत संशय नाहीं. परंतु जें ऐकलें तें बाहियाचें होतें. तशीच पावसाची गोष्ट. इंग्लंडांतला पाऊस ज्याच्या पानांतून कधीं खालीं आला नसता अशा दाट झाडाखालीं तो आडोशास उभा राहिला. पण दोनचार मिनिटांतच खोडावरून पाण्याचा लोट वाहूं लागला. ह्यावरून त्यानें अनुमान काढलें कीं एवढ्या गर्द अरण्याच्या तळाशींहि जी हिरवळ असते तिचें कारण ही पावसाची प्रचंडता होय. थंड देशांतल्यासारखी सर असती तर तिचें बहुतेक पाणी जमिनीस पोंचण्यापूर्वींच शोषलें गेलें असतें किंवा त्याची वाफ झाली असती. आषाढांत सह्याद्रीच्या घाटांत झाडाखालीं उभें राहून भिजलेल्या वाचकास ह्या निरीक्षणाची सत्यता पटवून द्यावयास नको. पाऊस, पान, खोड आणि जमिनीवरचें तृण ह्यांना एका सूत्रांत ओंवणें ही हंबोल्टची पद्धति खरी. पण हें विशिष्ट सूत्र डार्विनचें आहे. ग्रंथानें त्याला उत्तरें पुरविलीं नाहींत. प्रश्न कसे विचारावेत हें शिकविलें.

डार्विनचें स्वतःचें प्रवासवृत्त १८३९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याची प्रत मिळाल्यावर वृद्ध हंबोल्टनें त्यास लांबलचक गौरवाचें पत्र लिहिलें. पुढें १८४२ सालीं लंडनमध्यें दोघांची गांठ पडली. हंबोल्ट फार आनंदी होता व फारच बोलला. भक्ताची मात्र थोडी निराशा झाली. ग्रंथकाराची भेट ही ग्रंथाच्या भेटीहून नेहमींच थोरली असते असें नाहीं, एवढाच त्याचा बोध.

आतां दुसऱ्या बाजूची साक्ष घेऊं. लेस्टर येथें १८४४ सालीं शाळेंत शिकविणारा वॉलेस आणि त्याच गांवचा कीटकसंग्राहक बेट्स ह्यांची ओळख झाली. दोघेहि सामान्य स्थितींतले. विद्यापीठाचें दर्शन दोघांनाहि घडलेलें नव्हतें. वॉलेसनें गांवच्या ग्रंथालयांतून हंबोल्ट वाचला, डार्विनचें प्रवासवृत्त वाचलें. आणि १८४७ सालीं विल्यम एडवर्ड्‌स ह्या अमेरिकन गृहस्थाचें अमेझॉन नदीवरील प्रवासाचें छोटेंसें पुस्तक हातीं येतांच दोघांचा निश्चय झाला. प्राणी व कीटक जमवून विकावेत आणि त्यावर प्रवासाचा खर्च भागवावा, असा बेत ठरला. २६ एप्रिल १८४८ रोजीं लिव्हरपूलहून निघून ते मे महिन्याच्या २८ तारखेस अमेझॉनच्या मुखाजवळील पारा शहरीं पोंचले.

आणि वॉलेसची निराशा झाली! उष्णता वाटली होती तेवढी नव्हती, वनस्पति तितक्या अद्भुत दिसेनात, आणि पहिल्या आठवड्यांत रोज शहराजवळच्या अरण्यांत जाऊनहि त्याला एकहि गुंजनपक्षी, एकहि पोपट किंवा माकड आढळलें नाहीं. दुसरा एखादा असता तर त्यानें ग्रंथकारांना खोटें तरी ठरविलें असतें, नाहीं तर न दिसलेलें दिसलें म्हणून तरी लिहिलें असतें. वॉलेसनें तिसरा मार्ग घेतला. त्यानें निराशेचें कारण शोधिलें. प्रवासी लेखक आठवड्यांत व महिन्यांत जें थोडें थोडें पाहतो तें सारें एका वर्णनांत भरतो. त्यामुळें तीं सगळीं आश्चर्यें एकाच दृष्टिक्षेपांत दिसतील असा वाचकाचा समज होतो, आणि तो समज चुकीचा असतो, असें त्यानें १८५३ सालच्या आपल्या पुस्तकांत म्हटलें आहे. पक्षी व माकडें तेथें नाहींत असें नव्हे. त्यांच्या संवयी कळूं लागल्या म्हणजे तीं सांपडतात.

आमच्या समजुतीप्रमाणें निसर्गविषयक ग्रंथांवर ह्याहून मार्मिक टीका झालेली नाहीं. ग्रंथांत असत्य असतें हा दोष नव्हे. त्यांत काळ गाळलेला असतो, हा दोष आहे. वर्षभराचें अरण्य वीस पानांत मावविलें म्हणजे तीं वीस पानें खऱ्या अरण्याहून अधिक गजबजलेलीं दिसणारच. ज्यास हें समजलें त्याच्या हातीं ग्रंथ हा चष्मा राहत नाहीं; कारण पुस्तक कोठें संपतें आणि अरण्य कोठें सुरू होतें हें त्यास ठाऊक झालेलें असतें.

ह्या ज्ञानाची किंमत वॉलेसनें भरपूर मोजली. रिओ नेग्रोच्या वरच्या भागांत १८५१ सालीं तो हाविता ह्या खेड्यांत राहिला. हीच ती जागा, जेथें १८०० सालीं हंबोल्टची होडी इंडियनांनीं झाडांच्या फांद्यांवरून सरकवीत एका ओढ्यापासून दुसऱ्या ओढ्यापर्यंत जमिनीवरून ओढून नेली होती. वाचलेल्या ग्रंथाच्या पानांतच जणुं तो राहावयास गेला. त्याच वर्षीं जून महिन्यांत त्याचा धाकटा भाऊ हर्बर्ट पारा येथें पीतज्वरानें वारला. पुढें १८५२ च्या जुलैंत 'हेलन' जहाजानें तो स्वदेशीं निघाला. ६ ऑगस्ट रोजीं भर समुद्रांत जहाजास आग लागली, आणि बरोबर घेतलेला सारा संग्रह व बहुतेक टिपणें जळून गेलीं. दहा दिवस उघड्या नावेंत काढल्यावर दुसऱ्या एका जहाजानें त्यास वांचविलें. एका पत्र्याच्या पेटींत हातीं लागलेलीं ताडमाडांचीं व माशांचीं चित्रें आणि थोडींशीं टिपणें, एवढेंच चार वर्षांच्या श्रमापैकीं त्याच्या हातांत उरलें. त्यांच्यावर व आठवणीवर त्यानें १८५३ सालीं दोन पुस्तकें प्रसिद्ध केलीं. आम्हांला वाटतें, ग्रंथ लिहिणें म्हणजे काय हें त्या नावेंत बसलेल्या मनुष्यास जितकें कळलें असेल तितकें अभ्यासिकेंत बसलेल्यांस कळणार नाहीं.

बेट्स मागें राहिला, आणि एकूण अकरा वर्षें राहिला. त्यापैकीं सुमारें साडेचार वर्षें त्यानें अमेझॉनच्या वरच्या भागांतील एगा ह्या गांवीं काढलीं. तेथें महिनोन्महिने पत्र येत नसे, आणि वाचावयास कांहीं नसणें ही त्याची सर्वांत मोठी यातना होती. लंडनच्या 'अथेनियम' साप्ताहिकाचे जुने अंक हातीं आले कीं तो ते तीनदां वाची: पहिल्यानें आवडीचे लेख, दुसऱ्यानें उरलेला मजकूर, आणि तिसऱ्यानें जाहिराती अथपासून इतिपर्यंत. भोंवतालीं जगांतील अत्यंत समृद्ध अरण्य असतां हा मनुष्य जाहिराती वाचतो ह्याचें वाचकांस हंसूं येईल. परंतु त्यांत एक करुण सत्य आहे. निसर्ग कितीहि थोर असला तरी एकट्या निसर्गावर मनुष्याचें मन जगत नाहीं. त्यास दुसऱ्या मनुष्याचा शब्द लागतो. आणि ह्याच मनुष्यानें १४,७१२ जातींचे प्राणी जमविले, ज्यांपैकीं सुमारें ८,००० विज्ञानास नवीन होते. बेचव म्हणून पक्षी ज्यांच्या वाटेस जात नाहींत अशा फुलपांखरांचा वेष निराळ्या कुळांतील फुलपांखरें घेतात, हा त्याचा अनुकरणाचा सिद्धान्त १८६२ सालीं प्रसिद्ध झाला, आणि डार्विनच्या उपपत्तीस त्यानें मोठा आधार दिला. दोन फुलपांखरें सारखीं दिसतात पण एक नव्हेत, हें ओळखण्यास वर्षें जावीं लागतात; गाळलेला काळ बेट्सनें अशा रीतीनें भरून काढला.

येथवर आम्हीं अरण्याविषयीं बोललों. अरण्यांतील व अरण्याकांठच्या माणसांविषयीं बोललों नाहीं. ग्रंथाची खरी कसोटी मात्र तेथेंच लागते. डार्विन ज्या बाहियाच्या सौंदर्यानें भारला गेला होता त्याच बाहियांत गुलामगिरी चालूं होती. तेथें असतांना कप्तान फिट्झरॉय ह्यानें सांगितलें कीं, एका बड्या मालकानें आपल्या गुलामांस बोलावून तुम्ही सुखी आहां काय, तुम्हांस मुक्त व्हावयाचें आहे काय, असें विचारलें, आणि सर्वांनीं मुक्त होणें नको म्हणून उत्तर दिलें. मालकासमोर दिलेल्या उत्तरास किंमत ती काय, असा प्रतिप्रश्न डार्विननें केला. कप्तान संतापला, एकत्र राहणें अशक्य आहे म्हणाला. मात्र कांहीं तासांनीं त्यानेंच क्षमा मागितली. पुढें रिओजवळच्या एका मळ्यावर, मालकाच्या भांडणापायीं, गुलामांच्या बायकामुलांस पुरुषांपासून तोडून निराळें विकण्याचा प्रसंग घडतां घडतां राहिला तोहि डार्विननें पाहिला. प्रवासवृत्ताच्या १८४५ च्या आवृत्तींत ब्राझीलचा निरोप घेतांना त्यानें लिहिलेला उतारा अरण्याची स्तुति करीत नाहीं. गुलामांचा देश पुनः पाहावा लागणार नाहीं म्हणून ईश्वराचे आभार मानतो. ब्राझीलमधील गुलामगिरी पुढें १८८८ सालीं नष्ट झाली.

ह्याहि बाबतींत हंबोल्ट त्याच्या पुढें गेलेला होता. कुमाना येथील त्याच्या बिऱ्हाडाच्या खिडकींतून गुलामांचा बाजार दिसे, आणि तो त्यानें ग्रंथांत वर्णिला आहे. क्यूबा बेटावरील त्याच्या ग्रंथांत गुलामगिरीच्या निषेधाचें एक प्रकरण होतें. १८५६ सालीं अमेरिकेंत त्याचें इंग्रजी भाषांतर निघालें तेव्हां भाषांतरकारानें तें प्रकरणच गाळून टाकलें. शहाऐंशी वर्षांच्या हंबोल्टनें वर्तमानपत्रांतून जाहीर निषेध केला, आणि इतर सर्व मापनांपेक्षां आपण त्या भागास अधिक महत्त्व देतों असें कळविलें. ज्या ग्रंथांतून माणूस कापून टाकला जातो त्या ग्रंथांतील झाडेंहि मग खरीं राहत नाहींत, हें त्यानें ओळखलें होतें. वॉलेस व बेट्स ह्यांनींहि माशांचीं व ताडांचीं स्थानिक नांवें, त्यांच्या जागा व त्यांचे उपयोग बव्हंशीं तेथल्या इंडियनांकडूनच शिकून घेतले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एकाचेंच नांव असतें. आंतील ज्ञान मात्र पुष्कळांचें असतें.

ह्या ग्रंथांचा धागा आपल्या डोंगरांपर्यंतहि येऊन पोंचला आहे. १८०० सालीं व्हेनेझुएलांतील व्हॅलेन्सिया सरोवर आटत असलेलें पाहून हंबोल्टनें दाखवून दिलें कीं, भोंवतालचें अरण्य तोडणें आणि निळीच्या पिकासाठीं ओढ्यांचें पाणी वळविणें हें त्याचें कारण होय. जंगल आणि पाणी ह्यांचा हा संबंध पुढें हिंदुस्थानांतील कंपनीच्या वैद्यांनीं वाचला. मद्रासेंत एडवर्ड बालफोर ह्यानें १८४९ सालीं वृक्ष व पर्जन्य ह्यांविषयीं सरकारास निवेदन केलें त्यांत ह्या विचाराचा आधार होता. मुंबई इलाख्यांत, पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पतिबागेचा अधीक्षक असलेला अलेक्झांडर गिब्सन ह्याला १८४७ सालीं जंगलांचा संरक्षक नेमण्यांत आलें, आणि कोंकणांतील तोडीमुळें झरे आटत असल्याची तक्रार त्यानें सरकारापुढें मांडली. सरकारच्या मनांत जहाजांच्या सागवानाचा विचार होता आणि जंगलखात्यानें पुढें डोंगरांतील गरीब रयतेस जांच केला, हें खरें. परंतु रान तोडलें म्हणजे पाणी जातें हें त्यांस कळलें त्यांत एका दूरच्या सरोवराच्या वर्णनाचा वाटा होता, हेंहि तितकेंच खरें. देवराईंत कुऱ्हाड न चालविणाऱ्या आपल्या खेडुतांस हें पुस्तकावांचून ठाऊक होतें. राज्यकर्त्यांस मात्र तें वाचावें लागलें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. चौघांची साक्ष घेतल्यावर आमचें मत असें झालें आहे कीं, ग्रंथ दिवा ठरतो कीं चष्मा हें ग्रंथावर फारसें अवलंबून नाहीं. वाचणारा त्यावर थांबतो कीं त्याच्या पुढें जातो ह्यावर तें अवलंबून आहे. डार्विननें ग्रंथांतून प्रश्न घेतले, वॉलेसनें ग्रंथ व अरण्य ह्यांतलें अंतर मोजलें, बेट्सनें तें अंतर वर्षें घालून भरून काढलें. आणि ह्या तिघांना वाट दाखविणाऱ्या हंबोल्टनें स्वतःसुद्धां एक कादंबरी उशाशीं ठेवूनच पाहण्यास आरंभ केला होता. ग्रंथावांचून गेलेल्या कित्येक व्यापाऱ्यांनीं व अधिकाऱ्यांनीं तेंच अरण्य पाहिलें होतें. त्यांच्या डोळ्यांवर कोणताहि चष्मा नव्हता, आणि त्यांना लांकडाखेरीज फारसें कांहीं दिसलेंहि नाहीं.

परंतु ह्या वादास काळानें एक निराळेंच वळण दिलें आहे, आणि तें ह्या चौघांच्याहि स्वप्नांत आलें नसतें. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यावरील ज्या अरण्यांत डार्विन त्या फेब्रुवारींत हिंडला, त्याच्या मूळ विस्तारापैकीं सुमारें आठवा हिस्साच आज उरला आहे. ज्यांचीं वर्णनें शाबूत आहेत पण जे स्वतः नाहींसे झाले, असे त्या रानाचे भाग आतां पुष्कळ आहेत. तेथें ग्रंथ घेऊन जाणाऱ्यास पुस्तक आणि अरण्य ह्यांची तुलना करतां येणार नाहीं. तुलनेची एक बाजूच नष्ट झाली आहे. पूर्वीं ग्रंथ खरा कीं खोटा ह्याची साक्ष अरण्य देत असे. ह्यापुढें अरण्य होतें ह्याची साक्ष ग्रंथास द्यावी लागेल. आमच्या सह्याद्रीच्या रायांविषयीं असें होऊं नये अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं पुढच्या पावसाळ्यांत एखादें चांगलें पुस्तक पिशवींत घालून घाट चढावा, तें झाडाखालीं बसून वाचावें, आणि त्यांत जें लिहिलेलें नाहीं तें स्वतः लिहून ठेवावें.